झोपेचा टाका

सासूलाही आई म्हणायचं आणि आईलाही आई. मग ओळखायचं कसं? क्रियापदाच्या शेपटीवरून. माझी लेक "आई म्हणाल्या" असं म्हणाली की ती तिची सासू. "आई म्हणाली" असं म्हणाली की ती मी. तिच्या लग्नानंतरची दोन वर्षं मी त्या एवढ्याशा 'ल्या'वर काढली. फोनवर तिच्या तोंडून "आई म्हणाल्या" ऐकलं की मला थंडीत पायांवर कुणी पांघरूण ओढल्यासारखं वाटायचं. मान असू दे त्यांना. मानाला उंबऱ्याबाहेरच बसवतात.

आणि एका सकाळी, मी दुकानात बटणांचे खण पुसत असताना, फोनवर ती म्हणाली, "आई म्हणाली, बाळासाठी पांढरी लोकर नको, लगेच मळते."

"मी कधी म्हणाले?" मी विचारलं. "मी तर पांढरीच घे म्हणत होते."

पलीकडून मग हसू. "अगं तू नाही गं. ह्या आई."

माझ्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

"बरं, आणि ऐक ना," ती पुढं बोलत राहिली, "आम्ही दोघी ब्लँकेट विणतोय."

"कोण दोघी?"

"आई आणि मी."

"तुला कुठं येतं विणायला?"

"येतं थोडंफार."

"आणि लोकर कुठून आणली?"

ती या वेळी हसली नाही. "इथलीच गं. कोपऱ्यावर दुकान आहे ना, तिथून."

मी फोन ठेवला. आमच्या दुकानाच्या कोपऱ्यात ह्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल आहे. एका डोळ्याला भिंग लावून हे कुणाच्या तरी मनगटी घड्याळाच्या पोटात वाकून बघत होते. मान वर न करता म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही. लोकर दुसऱ्या दुकानातून घेतली."

"अरे बापरे. म्हणजे जाण्याहून वाईट."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. पोर विणायला लागली, तेही सासूच्या हाताखाली. तीस वर्षं मी या गल्लीला लोकर विकते. अर्ध्या गावाची बाळं माझ्या टोपड्यांत वाढली."

ह्यांनी भिंग काढलं. "बटणं विकून विकून तुझा जीव काजाएवढा झालाय बघ," म्हणाले, "त्यातून आता एक गोष्ट धड आत जात नाही."

मी बटणांचा एक खण उगाचच रिकामा करून पुन्हा भरला.

आमच्या लेकीला सगळे गुंडी म्हणतात. ती या दुकानाच्या काउंटरखाली वाढली. दोन भोकांची बटणं एका डब्यात, चार भोकांची दुसऱ्यात, हा तिचा पहिला खेळ. वर मी विणत बसायचे आणि माझ्या आईनं मला शिकवलेलं टाके मोजायचं गाणं गुणगुणायचे. आमच्याकडे आठ-आठ टाक्यांचे चौकोन विणतात, आठ सुलट, आठ उलट, म्हणून गाणंही आठाचं:

पहिला टाका उंबऱ्याला, दुसरा गं दाराला,
तिसरा टाका खिडकीला, चौथा वाहत्या वाऱ्याला,
पाचवा टाका चुलीला, सहावा गं वातीला,
सातवा टाका झोपेला, आठवा गं रातीला.

चार वर्षांची गुंडी खालून ओरडायची, "झोपेचा नको! तो घातलास की तू मला झोपवतेस!"

"मग काय करू गं बये?"

"तो सोड."

म्हणून सोडला. सहावा वातीला, आठवा रातीला. आठाचा चौकोन साताचा झाला. पण एकशेवीस टाक्यांची ओळ असली की साताचे सतरा चौकोन होऊन काठाला एक टाका उरायचा. मी तिला समजावलं, "हा बघ झोपेचा. याला काठाला ठेवू. सगळी ओळ खेळून झाली की मग शेवटी झोप." ते तिला पटलं. तो टाका मी दोन्ही बाजूंनी उलटच घालायचे, त्यामुळं कडेला बारीक गाठींची एक रेघ उठायची, राईचे दाणे एकाखाली एक मांडल्यासारखी. गुंडी माझ्या मांडीवर आली की त्या रेघेवरून बोट फिरवत फिरवत झोपायची.

तेव्हापासून आमच्या घरात दोन हिशोब. गिऱ्हाइकांना आठाचे चौकोन, घरच्यांना साताचे. ह्यांचा स्वेटर साताचा, उशीचा अभ्रा साताचा, किटली झाकायची टोपीसुद्धा साताची. जगाला ती चूक. आमची ती खूण.

मग ती विणायला का शिकली नाही, असं कुणी विचारेल. शिकत होती. बारा वर्षांची असताना तिनं स्वतःचा एक मफलर विणला. मधे तीन टाके निसटलेले, एक कड आत गेलेली. मी म्हणाले, शिकायचं तर नीट शिकावं. आणि तिच्यासमोर सगळा उसवून, गुंडा करून तिच्या हातात दिला. मलाही माझ्या आईनं असंच शिकवलं होतं. गुंडीनं तो गुंडा खणात ठेवला आणि पुन्हा सुयांना हात लावला नाही. "कंटाळा येतो," म्हणाली. मलाही ते खरंच वाटलं. पोरींना कंटाळा येतोच.

आता तिला आठवा महिना, आणि कंटाळा पळाला कुठं?

विहीणबाई निवृत्त शिक्षिका. गणिताच्या बाई म्हणून गावभर ओळख. सरळ पाठीच्या, सरळ भांगाच्या, बोलणंही पट्टीनं आखल्यासारखं. त्यांच्याकडे गेलं की मला उगाचच आपला गृहपाठ झालेला नाही असं वाटतं. अशा बाईच्या ब्लँकेटात एक टाका इकडचा तिकडं असणार नाही. ते बाळाच्या अंगावर असेल, आणि माझं कपाटात, डांबराच्या गोळ्यांत.

मी त्याच दुपारी लोकर काढली. पांढरीच. मुद्दाम.

तीन आठवडे मी विणत होते. गिऱ्हाईक समोर, सुया हातात. बटणं मोजून द्यायच्या जागी दोनदा जास्त दिली. आणि मी आठाचे चौकोन घातले. घरचं काम असून आठाचे! गणिताच्या बाईंनी मोजून बघावं, आणि कुठं बोट ठेवायला जागा सापडू नये, म्हणून. पंधरा चौकोन, काठ स्वच्छ. ह्यांनी एकदा काठावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "गाठी नाहीत?"

"बाळासाठी आहे. नीट नको?"

"मला वाटलं घरचं आहे," हे म्हणाले आणि आपल्या घड्याळाकडे वळले.

रविवारी मी ते पिशवीत घालून बसमध्ये बसले. चाळीस मिनिटं पिशवी मांडीवर. एकदाच शेजारच्या बाईनं हात लावून "किती मऊ!" म्हटलं, तर मी तिला सगळी कहाणी सांगितली. विहीणबाईंचा भाग वगळून.

गुंडीच्या घराचं दार अर्धं उघडंच होतं. मी चप्पल काढत होते तोच आतून गुंडीचा आवाज आला.

"आई, तू उठू नकोस. मी घेते ना पाणी."

मी "नको गं" म्हणायला तोंड उघडलं. मग कळलं, मी आल्याचं अजून कुणाला माहीतच नाही. ते 'तू' माझं नव्हतं.

एक पाय चपलेत, एक बाहेर, अशी मी तिथंच उभी राहिले. 'म्हणाल्या'चं 'म्हणाली' झालं तेव्हा मी फडकं घट्ट धरलं होतं. आता धरायला काही नव्हतं, फक्त भिंत होती.

मग नेहमीचं सगळं झालं. "या या, विहीणबाई." "बसते, बसते." गुंडीचे पाय सुजले होते, डोळ्यांखाली सावली होती. मी तिच्या गालाला हात लावला तर तिनं क्षणभर गाल तसाच माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "आई, अर्धा तास पडू का? रात्री झोपच येत नाही." आणि आतल्या खोलीत गेली. विहीणबाई म्हणाल्या, "तिला गरम दूध लागतं उठल्यावर. संपलंय. मी खालून आणते, तुम्ही टेका."

खोलीत मी एकटी. पडदा ओढलेला, उजेड मंद. खिडकीखाली एक परडी, आणि परडीत ते.

पिवळं. पिकल्या लिंबाचं पिवळं. गुंडाळी करून ठेवलेलं, एक सुई वरच्या ओळीत अडकलेली, दुसरी गुंड्यात खुपसलेली. माझा चष्मा पिशवीच्या तळाशी होता. मी तो काढला नाही. बघायचंच नव्हतं मला. मी फक्त परडी जवळ ओढली.

आणि सुई काढून घेतली.

एकशेवीस टाके उघडे पडले. मी दोरा धरून ओढला. टप, टप, टप, टाके सुटायला लागले. विणलेलं उसवताना एक बारीक आवाज येतो, कणीस सोलताना येतो तसा. मनात मी म्हणत होते: निसटली असेल सुई. परडीतून निसटतेच. दोन-चार ओळी जातील. त्यांनाही कळू दे. काय कळू दे, ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत होतं की माझ्या पोटातली आग बोटांत उतरली होती आणि बोटांना छान वाटत होतं.

पण बोटं सवयीची गुलाम. उसवतानाही ती मोजतात, आणि बोटं मोजायला लागली की ओठ हलतात. पहिला टाका उंबऱ्याला. दुसरा गं दाराला. सहाव्या वातीपर्यंत आले, सातवा झाला, आणि आठव्यालाच सुलटाचा उलट झाला.

मी थांबले. म्हटलं, एखादा चौकोन चुकला असेल बाईंचा. मनातून सुखावलेच. पुढचा मोजला. सात. त्याच्या पुढचा. सात. चष्म्याशिवाय ओळभर बोटं फिरवत मी कडेला पोचले, आणि तिथं बोटाला दाणे लागले. राईएवढे. एकाखाली एक.

माझ्या बोटांना चष्मा लागत नाही.

गणिताची बाई सहानंतर आठ म्हणणार नाही. तिला मारलं तरी म्हणणार नाही. आणि जगात दुसऱ्या कुणाला हे माहीत नाही. ह्यांना गाठी ठाऊक, मोजणी नाही. माझ्या आईला तर काहीच ठाऊक नव्हतं. फक्त काउंटरखाली बसलेल्या एका पोरीला.

ते पिवळं माझ्या मांडीवर, दोन ओळी उसवलेलं, वरचे टाके तोंड उघडून बसलेले. मी सुई धरली आणि एकेक टाका परत ओवायला लागले. तीन ओवले की एक सुटे. तेवढ्यात दार वाजलं.

विहीणबाई दुधाची पिशवी हातात घेऊन उभ्या. त्यांनी परडी बघितली, मांडी बघितली, जमिनीवरचा वळवळलेला दोरा बघितला.

"निसटली का सुई?" त्यांनी विचारलं.

उत्तर तयार होतं. त्यांनीच करून दिलं होतं. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "निसटली नाही. मी काढली."

त्यांनी दूध टेबलावर ठेवलं. चष्मा पुसला. माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"किती ओळी?"

"दोन."

"दोनच?" त्या म्हणाल्या. "मी असते तर सगळं उसवलं असतं."

मी मान वर केली. पट्टीनं आखलेला चेहरा, पण ओठाचा एक कोपरा पट्टीबाहेर गेलेला.

"तीन महिने झाले विहीणबाई, या घरात ऐकतेय. 'आई असं करत नाही.' 'आई टाका असा धरते.' 'आई काठ असा घेते.' पहिल्यांदा मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलतेय. मी म्हटलं, अगं मी कधी काठ घेतला? मला सुई कुठल्या बाजूनं धरतात तेही ठाऊक नव्हतं. तर म्हणे, तू नाही, ती आई."

"म्हणजे तुम्ही तिला शिकवलं नाही?"

"मी? तिनं मला शिकवलं! बत्तीस वर्षं मुलांकडून पाढे घोकून घेतले, आणि या वयात सून म्हणते, सहानंतर आठ. मी म्हटलं, का? तर म्हणते, असंच असतं. मी म्हटलं, मग काठाला हा एक उरतो त्याचं काय? म्हणते, त्याला तसाच राहू द्यायचा. तीन वेळा मी आठाचे घातले, तीन वेळा तिनं काढायला लावले. कडक आहे हो तुमची मुलगी."

तरीही मी तेच विचारलं जे मला खुपत होतं. "तुम्हाला ती 'तू' म्हणते."

विहीणबाई थोडा वेळ दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मी मागून घेतलाय तो," त्या हळू म्हणाल्या. "घरात दिवसभर अहो-जाहो ऐकून मला पाहुणी असल्यासारखं वाटायचं. म्हटलं, पोरी, मला 'तू' म्हण. आठवडाभर तिची जीभ अडखळत होती. तुम्हाला कधी मागावा लागला?"

नव्हता मागावा लागला. बोलायला लागल्या दिवसापासून फुकट मिळाला होता, आणि मी त्यावर पहारा देत बसले होते.

"मग तिनं मला का नाही सांगितलं? येतं म्हणून?"

"तुमच्यासमोर विणायची भीती वाटते म्हणे. एक टाका चुकला तर आई सगळं उसवते."

मी खाली बघितलं. मांडीवर ते होतंच. उसवलेलं.

आणि तेव्हाच आतलं दार वाजलं. गुंडी डोळे चोळत उंबऱ्यात उभी होती. तिची नजर माझ्या हातांवर आली, दोऱ्यावर आली, आणि तिचा चेहरा बारा वर्षांचा झाला.

"उसवलंस?" ती म्हणाली. एवढंच.

"दोन ओळी," मी म्हणाले. "चूक नव्हती काही. चूक माझी होती. ये, बस. तू घाल परत."

"तू घाल ना. तुझं नीट येतं."

"नाही. तू."

ती माझ्या शेजारी बसली, पोट सांभाळत. मी ओवलेले टाके तिच्याकडे दिले. तिनं सुया धरल्या आणि मी बघतच राहिले. करंगळीवरून दोरा, अनामिकेखालून, तर्जनीवर. थेट माझ्या आईची पकड. कुणी न शिकवता, काउंटरखालून वर बघून बघून उचललेली. ओठ हलत होते. उंबऱ्याला, दाराला, खिडकीला. चौथ्या चौकोनात तिनं एक सुलट टाका उलट घातला. मला चष्म्याशिवायही दिसला. काउंटरवर सुटं बटण दिसावं तसा लख्ख दिसला. जीभ टाळूपर्यंत आली.

"बरोबर येतंय ना?" तिनं विचारलं.

"सुरेख," मी म्हणाले.

विहीणबाईंनाही तो दिसला होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि मग आम्ही दोघी एकदम खिडकीकडे बघायला लागलो, जणू पडद्यावर काहीतरी महत्त्वाचं लिहिलं होतं.

"पण हा शेवटचा टाका नक्की कशासाठी?" त्यांनी विचारलं. "ही सांगतच नाही."

"मला आठवतच नाही," गुंडी म्हणाली. "हात आपोआप तसा जातो."

तेव्हा मी त्यांना पूर्ण गाणं म्हणून दाखवलं, सातव्यासकट. गुंडीनं "तो सोड" म्हटल्यापासून कुणाला पूर्ण दिलं नव्हतं. गुंडी ऐकता ऐकता थांबली. "झोपेचा!" म्हणाली, आणि काठावरच्या दाण्यांवरून बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर.

"अच्छा," विहीणबाई म्हणाल्या. "म्हणजे तो जास्तीचा नाही. तो राखून ठेवलेला." आणि बत्तीस वर्षांच्या हिशोबात काहीतरी जुळल्यासारखा त्यांनी श्वास सोडला.

"आई, त्या पिशवीत काय आहे?" गुंडीनं विचारलं.

सांगायचं नव्हतं, पण पांढरं टोक बाहेर आलंच होतं. तिनं ते ओढून घेतलं, गालाला लावलं, "किती मऊ गं," म्हणाली. मग तिचं बोट काठाला गेलं. या कडेला शोधलं. पलटून त्या कडेला शोधलं. आणि घडी घालून हळूच माझ्या मांडीवर ठेवलं, जसं आपण दुसऱ्याची वस्तू परत ठेवतो.

आठाचे चौकोन. स्वच्छ काठ. मी माझ्या नातवंडासाठी गिऱ्हाइकाचं ब्लँकेट विणून आणलं होतं.

"अजून पुरं झालेलं नाही ते," मी म्हणाले आणि पिशवीच्या तळातून चष्मा आणि सुया काढल्या. उरलेल्या पांढऱ्या लोकरीचा गुंडा होता. काठावरून टाके उचलले आणि घालायला लागले. शेजारी गुंडीच्या सुया, त्यांच्यामागून विहीणबाईंचं पुटपुटणं, "सहावा वातीला, आठवा... अरे देवा, आठवा रातीला." दूध गरम करायला कुणी उठलं नाही.

बऱ्याच वेळानं गुंडी म्हणाली, "आई, काय करतेयस?"

"काय गं?" आम्ही दोघीही म्हणालो.

"तू नाही, ही," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"झोप राहिली होती," मी म्हणाले.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. पांढऱ्या काठावर दाण्यांची रेघ उठत गेली, आणि मी हळूच ती पिवळ्या काठाशेजारी धरून बघितली. माझी त्यांच्याहून सरळ आली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही.